रामधन झोपला की बोट वळायची

कळमनुरी

समुद्रावर जाऊन आल्यापासून आठवडी बाजारात मला एकच प्रश्न विचारला जातो, "सिस्टर, भीती वाटली न्हाई का?" वाटली, म्हणते मी. मग लोक आपापल्या मनाने वादळं आणि डोंगराएवढ्या लाटा उभ्या करतात आणि माना डोलावून भाजी निवडायला लागतात. वादळ आम्हाला लागलंच नाही. मला घाम फुटला तो गुळगुळीत पाण्यावर, भर दुपारी, लख्ख उन्हात. ते एकदा नीट लिहून काढावं म्हणून बसले आहे.

मी नर्स. उभी नोकरी हिंगोलीत केली, निवृत्त झाल्यावर कळमनुरीत घर बांधलं. आमचा तांडा तिथून जवळच. तिथे आमची आई राहते. आमच्या बंजारा लोकांच्या गोरमाटी बोलीत आईला याडी म्हणतात. धाकटा भाऊ रामधन मोठ्या मालवाहू जहाजांवर इंजिनीअर होता. आमचा बा गेला तेव्हा हा कुठल्याशा महासागराच्या मधोमध होता. बा शेवटी शेवटी दुपारच्या वेळी अंथरुणात उठून बसायचा आणि दाराकडे बघत म्हणायचा, "रामधनला सांगा, तोंड फिरव घराकडं." जहाज म्हणजे काही फटफटी नव्हे, वाटेल तेव्हा वळवायला. रामधन पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. बाचे शेवटचे शब्द याडीने त्याला सांगितले, आणि तेव्हापासून पठ्ठ्याची झोप उडाली. डोळा लागला की दचकून उठायचा. नोकरी सोडली, तांड्यात येऊन राहिला, तरी तेच.

अशात त्याला कोचीहून निरोप आला. एकाची शिडाची बोट मॉरिशसला पोचवायची होती. सोबत येणारा मित्र ऐन वेळी काविळीने आडवा झाला, आणि बोटीला किमान दोन माणसं लागतात. मी त्याच्याबरोबर एकदा गोव्याच्या किनाऱ्याने फिरले होते आणि मला उलटी झाली नव्हती, एवढ्या भांडवलावर माझी निवड झाली. खरं तर निवड याडीने केली. मला म्हणाली, "तू जाय बरोबर. ह्याला एकट्याला पाण्यावर सोडू नको. झोप नसलेलं माणूस कुठं पाय टाकील, नेम न्हाई." हे तिने मला, नर्सला, सांगावं! पण बोलली ते बराबर होतं. न झोपलेला रोगी पलंगावरून उतरून चालायला लागतो हे मी वॉर्डात पाहिलं आहे. तिथे निदान जमीन असते.

निघायच्या दिवशी याडीने रामधनला घरामागे नेऊन काहीतरी सांगितलं. मला वाटलं, वेळेवर जेवत जा वगैरे असेल.

कोचीपासून दक्षिणेला

पहिले दिवस मजेत गेले. बोट अडतीस फुटांची. वर शिडं, खाली एक खोली, तिच्यातच स्वयंपाक, टेबल आणि झोपायची सोय. हेलकावे कमी बसतील असा बिछाना मधोमध एकच होता, बाकीच्यांवर पाण्याचे कॅन आणि जादा शिडं रचलेली. म्हणून आम्ही पाळीपाळीने एकाच बिछान्यावर झोपत होतो. मी रात्रीची, तो दुपारचा.

सुकाणूवर कायम माणूस बसत नाही, हे मला नवीन होतं. एक यंत्र असतं. त्याला दिशा सांगायची, मग ते होकायंत्राकडे बघून आपलं आपण सुकाणू फिरवत राहतं. खाणं नाही, पिणं नाही, रात्रंदिवस राबणं. आम्ही त्याचं नाव सालगडी ठेवलं.

मी घरून ज्वारीचं पीठ, मिरचीचा ठेचा आणि आमच्या भागातली हळद नेली होती. हलत्या शेगडीवर भाकरी थापायची म्हणजे एक हात भाकरीला, एक हात खांबाला आणि पाय टेबलात अडकवलेले. पहिली भाकरी थेट रामधनच्या बुटात गेली. तरी तिसऱ्या दिवशी मी बरी भाकरी केली आणि तो म्हणाला, "आक्का, जहाजावर इतकी वर्षं काढली, पण असं जेवण मिळालं न्हाई." सकाळी डेकवर उडते मासे येऊन पडलेले असायचे, तेही तव्यावर घातले. तांड्यात कोंबडीसुद्धा अशी आपणहून येऊन पडत नाही.

मग वस्तू एकेक करून बिघडायला लागल्या. फ्रीज बंद पडला, त्याचं दुःख नव्हतं. संडासाचा पंप अडला, तो रामधनने नाकाला फडकं बांधून मोकळा केला. पुढचं शीड गुंडाळायची दोरी तुटली. नंतर दोनपैकी एका टाकीतलं गोडं पाणी खारट लागायला लागलं. कुठूनतरी फट पडून समुद्र आत शिरला होता. तेव्हा मात्र रामधनचा चेहरा उतरला. उरलेल्या टाकीत पोचण्यापुरतं पाणी होतं, पण वाटेत रेंगाळायची मुभा नव्हती. आणि मालदीव मागे पडल्यावर सालगड्याने काम सोडलं.

विषुववृत्ताच्या आसपास

जुन्या मालकाने जादा म्हणून दुसरं यंत्र ठेवलं होतं. रामधन दिवसभर तारा जोडत बसला. या यंत्राचं स्वतःचं होकायंत्र एका छोट्या डबीत होतं आणि तिची तार आखूड निघाली. जुन्या जागेपर्यंत पोचेना. म्हणून त्याने ती डबी मधल्या बिछान्याच्या उशाकडच्या प्लायवूडच्या पलीकडे, कपाटात बसवली. दुसरा सालगडी सुरू झाला, बोट नाकासमोर चालू लागली आणि आम्ही गूळ खाल्ला.

त्याच दिवशी कुकर उतरवताना मी घसरले आणि उजवं मनगट मुरगळलं. हळदीचा लेप लावून क्रेप बँडेज बांधलं. मोडलेलं नव्हतं, पण सुकाणूचं चाक धरून बसणं माझ्याच्याने होईना. म्हणजे आता सगळा भार सालगड्यावर.

इथे समुद्र वेगळाच होता. वारा इतका थोडा की शीड जेमतेम भरायचं. पाणी तेलासारखं जड, आणि आकाश कुठे संपतं ते कळत नव्हतं. पक्षी नाहीत, जहाजं नाहीत. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी रान सामसूम होतं, तरी कुठे होला घुमतो, कुठे मोटारीचा आवाज येतो. इथे माझाच श्वास मला ऐकू येत होता.

दुपारी जेवून रामधन खाली झोपायला गेला. मी वर बसून होते. थोड्या वेळात उन्हाची तिरीप माझ्या डाव्या गालावरून उजव्या गालावर आली. मी मान वळवली, तर बोटीमागे पाण्यावर उमटलेली सरळ रेघ वाकडी झालेली. बोट हळूहळू, अगदी सावकाश, गोल फिरत होती. मग शीड फडफडलं, आडवा दांडा धाडकन या बाजूचा त्या बाजूला गेला. खाली रामधन उठल्याचं ऐकू आलं. तो वर येईस्तोवर बोट स्वतःच पुन्हा मूळ दिशेला वळायला लागली होती.

"काय झालं?"

"वळली."

"कोणी वळवली?"

"मी चाकाला हातबी लावला न्हाई," मी म्हणाले.

त्याने यंत्र तपासलं, तारा हलवून पाहिल्या. काही दोष सापडेना. तो वर बसून राहिला आणि बोट संध्याकाळपर्यंत इमानदारीत चालली. रात्री मी त्याच बिछान्यावर झोपले. बोट सरळ.

दुसऱ्या दिवशी तो आडवा झाला आणि बोट वळली. तिसऱ्या दिवशी तेच. पहाटे जरा पडतो म्हणाला, तेव्हाही तेच. मी कितीही झोपले तरी काही नाही. रामधन झोपला की बोट वळायची. आणि दर वेळी तोंड एकाच बाजूला, ईशान्येकडे. नकाशावर त्या दिशेने रेघ ओढून पाहिली तर तिकडे कोची, आणि कोचीच्या पलीकडे आपला मुलूख.

मला ते दिसलं होतं, पण मी बोलले नाही. रामधन बोलला.

"आक्का, बा बोलवून राहिलाय."

"गप रहाय. मशीन खराब झालीय."

"मशीन खराब हाय तर तू झोपल्यावर काहून वळत न्हाई?"

मी म्हटलं, शिडं उतरवू, बोट तरंगू दे, तू झोप. त्याने पाण्याच्या टाकीकडे बोट दाखवलं. तरी एका दुपारी मी हट्टाने तसं केलं. शिडं खाली, सालगडी बंद, बोट जागच्या जागी. तो उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडला, बोट आता वळेल, मग वळेल याची वाट पाहत. झोप आलीच नाही आणि प्रवाहाने आम्हाला भलतीकडे ओढलं ते वेगळं.

त्या दिवसांत एक मासेमारी बोट भेटली. दक्षिणेकडचे कोळी, तोडकंमोडकं हिंदी बोलत होते. त्यांनी आमच्याकडे मासे फेकले, तीन. मी ओरडून सांगितलं की आम्ही दोघंच आहोत. त्यांच्यातला म्हातारा हसला आणि आमच्या बोटीच्या मागच्या कठड्याकडे हात करून म्हणाला, "वो बूढ़ा भी तो खाएगा." तिथे रामधनचा रेनकोट वाळत घातलेला होता, खांदे पुढे पडलेले. मला हसू आलं. रामधनने रेनकोट काढून आत नेला आणि पुन्हा बाहेर वाळत घातला नाही.

आता त्याचे डोळे आत गेले होते. बोलता बोलता वाक्य अर्धवट सोडायचा. एकदा जेवताना त्याने मधल्या जागेवर तिसरी ताटली मांडली, आणि मी विचारल्यावर ती दुसऱ्याच कुणीतरी ठेवल्यासारखा तिच्याकडे बघत बसला. एका दुपारी तो कमरेचा सुरक्षा दोर न बांधता बोटीच्या कडेला जाऊन उभा राहिला. मी हाक मारली. त्याने मान वळवली नाही. "इथून चालत जाता येईल असं वाटून राहिलं," तो शांतपणे म्हणाला. पाणी खरंच तसं दिसत होतं, सारवलेल्या अंगणासारखं. मी जाऊन डाव्या हाताने त्याची कॉलर धरली आणि ओढून खाली बसवलं. याला झोपवला नाही तर हा मेला, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं. मॉरिशस अजून खूप लांब होतं.

उशाखाली

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या उशाशी बसायचं ठरवलं. वॉर्डात बसायचे तशी. पण तो ऐकेना. "तू वर जा. तू असल्यावर मला झोप येत न्हाई." मला राग आला. लहानपणी माझ्या मांडीवर झोपलेलं पोरगं हे! बरं म्हणून मी वर गेले आणि जिन्याच्या झाकणाच्या फटीतून खाली पाहत राहिले.

तो थोडा वेळ बसून राहिला. मग उठला, पार मागच्या इंजिनाच्या कप्प्यापर्यंत गेला, हात आत घालून लाल फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, इकडेतिकडे पाहिलं, परत आला आणि ते उशाखाली सारून आडवा झाला.

माझ्या गालावरचं ऊन सरकायला लागलं.

मी एकदा खाली पाहिलं, एकदा वर. बोट वळत होती. मी जिना उतरले तो जवळजवळ पडतच.

"काय ठेवलंस उशाखाली?"

"काही न्हाई."

"रामधन, काढ."

पन्नाशीला टेकलेला माणूस, पण चोरी पकडलेल्या लेकरासारखा झाला. त्याने फडकं सोडलं. आत खुरपं होतं, याडीचं. निंदणीला नेऊन नेऊन पातं झिजलेलं, मूठ तिच्या हाताने काळी पडलेली. मी ते लांबूनही ओळखलं असतं.

"याडीनं दिलं," तो म्हणाला. "उशाला लोखंड असलं की वाईट सपनं पडत न्हाईत म्हणाली. तुला सांगू नको म्हणाली, तू दवाखान्यातली, हसशील."

आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाला विळा ठेवतात, घाबरणाऱ्या लेकराच्या उशाला अडकित्ता. मी नर्स असूनही कधी कोणाच्या उशाखालून काढायला लावलेला नाही. पण रामधनला लाज वाटत होती. म्हणून तो रोज झोपताना खुरपं आणायचा आणि उठला की माझ्या नजरेला पडू नये म्हणून लांब नेऊन लपवायचा.

मी प्लायवूडवर टकटक केलं. "ह्याच्या मागं तू काय बसवलंस?"

तो फळीकडे बघत राहिला. मग खुरप्याकडे. मग त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ज्या माणसाने जहाजांची इंजिनं उघडून पुन्हा बसवली, त्याला होकायंत्राशेजारी लोखंड ठेवलं तर काय होतं हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण उशाखालचं खुरपं त्याच्या लेखी लोखंड नव्हतंच, ते याडीचं होतं. आम्ही खुरपं फळीजवळ नेलं, बोट वळू लागली. लांब नेलं, सावकाश परत आली. कासरा ओढावा तशी. रामधन हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

खुरपं आम्ही बोटीच्या पुढच्या टोकाला, नांगराच्या साखळीशेजारी ठेवलं. तिथलं लोखंड कायम तिथेच असतं, त्याचा त्रास होत नाही. पण रामधन आता आडवा व्हायला घाबरत होता. उशाला काहीच नव्हतं ना. मी म्हटलं, मी आहे. बँडेज बांधलेला हात त्याच्या डोक्याखाली ठेवला. मनगट ठणकत होतं. थोड्या वेळाने त्याचं डोकं जड झालं, तोंड उघडं पडलं आणि बाच्या घोरण्यासारखं घोरणं सुरू झालं. बोट सरळ चालली होती.

मी हळूच हात काढून घेतला आणि वर गेले.

पुढचं मी रामधनला अजून सांगितलेलं नाही. मी वर येऊन पाण्याचा घोट घेतला, आणि ऊन माझ्या डाव्या गालावरून निघालं.

मला आधी वाटलं भास. मग पाहिलं, मागची रेघ वाकली होती. खाली तो हललाही नव्हता, घोरणं ऐकू येत होतं. मी पुढे जाऊन साखळीचा कप्पा उघडला. खुरपं फडक्यात होतं, जसं ठेवलं तसं. मी चाकापाशी परत आले. चाक आपोआप, दमादमाने फिरत होतं, जसं म्हाताऱ्या हाताने फिरवावं. बोटीचं तोंड ईशान्येला आलं आणि तिथे थांबलं. शीड फडफडलं नाही. खालच्या घोरण्याखेरीज काहीच वाजत नव्हतं.

सालगडी बंद करायचं बटण माझ्या हाताशी होतं. मी ते दाबलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. कठड्याकडे, जिथे रेनकोट वाळत घातला होता तिकडे बघून मी आमच्या बोलीत म्हणाले, "बा, त्याला आता झोप लागलीय. झोपू दे. येईल तो घरी. मी आणते."

किती वेळ गेला माहीत नाही. अंगावर काटा उभा होता आणि उन्हाने डोकं भाजत होतं. मग चाक हललं. ऊन उजव्या गालावरून परत डाव्या गालावर आलं, आणि मागे पाण्यावर एक मोठा वळसा तेवढा दिसत राहिला.

मशीन जुनी होती, दोष असेलच काहीतरी. मी तेच धरून चालते. पण त्यानंतर मॉरिशसपर्यंत ती एकदाही चुकली नाही.

मॉरिशस आणि तांडा

रामधन दिवस मावळेपर्यंत झोपला. दुसऱ्या दिवशीही झोपला. वारा लागला, मनगटाची सूज उतरली, आणि टाकीत तळाला पाणी शिल्लक असताना आम्ही बंदरात शिरलो. तिथे एक बाई भेटली, चार-पाच पिढ्यांमागे कोकणातून गेलेल्यांपैकी. तिने डाळपुरी खाऊ घातली आणि जुन्या वळणाच्या मराठीत विचारलं, "तुमचे गावाला समुद्र हाय?" मी नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. विमानतळावर चेक-इनचं सामान तपासणाऱ्याने खुरपं काढून हे काय म्हणून विचारलं. रामधन म्हणाला, आईचं आहे. त्याने पुढे काही न विचारता ते परत बॅगेत ठेवलं.

तांड्यात पोचलो तेव्हा याडी दारात हळकुंडं निवडत बसली होती. रामधनने खुरपं तिच्यापुढे ठेवलं. खारट हवेने पातं लाल झालं होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "झोपलास. दिसून राहिलं." तो हसला, आत गेला, आणि भर दुपारी जमिनीवर पसरून घोरायला लागला.

मी तिच्याजवळ बसून हळकुंडं निवडू लागले. बोट वळायची ते सांगितलं, खुरप्याचं आणि होकायंत्राचं सांगितलं. ती ऐकून घेत होती. शेवटच्या दुपारचं मी वगळलं. म्हातारीला कशाला घाबरवा.

याडीने एक हळकुंड हातात घेतलं. आतलं घोरणं ऐकत होती बहुतेक. मग हळकुंडावरची माती नखाने काढत, मान वर न करता तिने विचारलं, "तू सांगितल्यावर लगेच ऐकलं का त्यानं?"

"कोणी?" मी म्हणाले.

"जितेपणी तर कधी ऐकत नव्हता बाई," याडी म्हणाली, आणि पुढचं हळकुंड उचललं.